त्या लग्नसराईतला मदरबोर्ड

परवा कूलर माळ्यावरून खाली काढला. जुनं गवत उपसून नवं भरलं, टाकीत पाण्याचा पाईप सोडला आणि मोटर सुरू झाल्याबरोबर ओल्या गवताचा तो वास खोलीभर पसरला. जळगावात उन्हाळा पंचांगावरून कळत नाही, या वासावरून कळतो. गच्चीवर सकाळी घातलेल्या बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, दुपारच्या चहापर्यंत खडखड वाजायला लागतात. कोपऱ्यावरून बॅण्डची गाडी गेली, भोंग्यांवर धूळ बसलेली. म्हणजे लग्नं सुरू झाली. मी कूलरचं तोंड नेहमीप्रमाणे पलंगाकडे, कॉम्प्युटरपासून लांब वळवलं आणि एकटीच हसले.

चार वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत याच खोलीत माझं काम जाता जाता राहिलं. त्या उन्हाळ्याचा प्रत्येक दिवस मला अजून कानांनी आठवतो. कूलरची घरघर, तिच्यावर कॉम्प्युटरच्या पंख्याची किरकिर, आणि मग अचानक ती शांतता. मशीन हँग झालं की पंखासुद्धा श्वास रोखल्यासारखा गप्प व्हायचा.

आमचा स्टुडिओ घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आहे. माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळे मोठे भाऊ म्हणतो, ते गिऱ्हाईक आणि व्यवहार बघतात. आमचे हे कॅमेरा घेऊन लग्नं फिरतात. आणि शूटिंग आलं की ते जोडून, कापून, गाणी टाकून लग्नाची कॅसेट करायची (कॅसेट जाऊन जमाना झाला, शब्द तेवढा उरला), ते काम माझं. आमच्याकडे त्याला मिक्सिंग म्हणतात. आधीचा मिक्सिंगवाला एका उन्हाळ्यात पुण्याला निघून गेला, तेव्हा 'तात्पुरती बस' म्हणून मला खुर्चीवर बसवलं होतं. ती तात्पुरती सात वर्षं बसून होती. स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्य, लेकीचा अभ्यास हे सगळं सगळ्यांचं होतं. ती खुर्ची मात्र माझी होती. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण दार लोटून हेडफोन कानाला लावला की मला स्वतःच्या घरी आल्यासारखं वाटायचं.

खान्देशातलं लग्न मिक्सिंग करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला पटकन कळायचं नाही. शहरात म्हणे पाच मिनिटांची सुंदर फिल्म करतात. नवरी खिडकीतून बघते, नवरा घड्याळ बांधतो, संपलं. आमच्याकडे असं करून बघा! हळद, मांडव, वरातीपुढचा नाच, मग लग्न, आणि लग्नाहून मोठा आहेर. माईकवरून एकेकाचं नाव पुकारतात, गावासकट. टोपी, टॉवेल, साडी, कपाळाला कुंकू, फोटो, पुढचा. मामा, मामाचे साडू, साडूंचे व्याही. यातला एक चेहरा कॅसेटमधून गळला की समजा दोन घरांत पुढची दहा वर्षं अबोला. म्हणून आमची कॅसेट तीन तासांची. घरची मंडळी ती बघायला बसतात तेव्हा नवरीकडे कोणाचं लक्ष नसतं. सगळे आपापला आहेर शोधत असतात.

तर असे तीन-तीन तास, तीन-तीन कॅमेऱ्यांचे, आमच्या आठ वर्षं जुन्या मशीनवर मी ओढत होते. त्या वर्षी कॅमेरा नवा आला आणि त्याच्या फाइली जाडजूड झाल्या. मशीननं हातपाय गाळले. सकाळी सहाला ठीक चालायचं. अकरानंतर पंखा ओरडायचा. दुपारी तीनला, आहेराच्या मधोमध, कोणा मावशीच्या हातात साडी अर्धी पुढे केलेली, आणि पडदा तिथंच थिजलेला. मी हात जोडून बसायचे. मावशीही साडी धरून बसायच्या.

एक दिवस बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं होतं आणि मशीन पाचव्यांदा अडलं. मोठे भाऊ दारात येऊन उभे राहिले.

"संगीता, असं नाही चालायचं. एक शेवटचा खर्च करू या मशीनवर. आखाजीनंतरही हे अडलंच, तर उरलेल्या लग्नांचं मिक्सिंग धुळ्याला देऊन टाकू. विलासच्या लॅबला. तुलाही जरा आराम."

आराम! तो शब्द मला चटका लागल्यासारखा लागला. एकदा धुळ्याला गेलेलं काम परत येत नाही, हे आम्ही दोघंही जाणून होतो. खुर्ची रिकामी झाली की तिथं गिऱ्हाइकांच्या चपलांचं कपाट येईल, हेही मला दिसत होतं. आणि शेवटचा खर्च एकाच गोष्टीपुरता. चुकीची वस्तू आणली की दुसरी आणायला वाव नाही.

कोणती वस्तू, यावर मोठ्या भाऊंचा निर्णय आधीच झालेला होता. ग्राफिक्स कार्ड. मार्केटातले पारसशेठ, ज्यांच्याकडून आम्ही पहिल्यापासून सामान घेतो, त्यांनी दुकानात एक कार्ड लावून दाखवलं होतं. तीन पंखे, आत लाल-निळे दिवे. "भाऊ, हे टाका. मशीन घोडा होईल," असं शेठ म्हणाले. मोठ्या भाऊंच्या डोळ्यांत ते दिवे मावत नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गिऱ्हाईक आत आलं की त्याला काचेतून काहीतरी दिसलं पाहिजे. शिवाय हार घालताना पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उडवता येतील.

मी म्हटलं, "भाऊ, पण ते अडतं कशानं ते आधी बघायला नको का?"

"गरम होतं म्हणून अडतं. लहान पोरगंही सांगेल," ते म्हणाले.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती चूक केली, जी पावसाळी गावातली माणसं जन्मात करणार नाहीत. गरम होतंय ना? आमच्या जळगावात गरम होणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर एकच इलाज. आजारी माणूस असो, केळीचा घड असो, पाहुणा असो, त्याला कूलरपुढे ठेवायचं. मोठ्या भाऊंनी कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं, कूलर ओढून बरोब्बर तिच्यापुढे लावला आणि बटण शेवटच्या आकड्यावर फिरवलं. आम्ही कडेला घाम पुसत उभे. मशीनला जावयासारखा थंडावा. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. चार दिवस पंखा खरोखरच शांत झाला, आणि मी त्या कूलरला मनातल्या मनात नमस्कारही केला.

पाचव्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळा. घरात कोणाला न सांगता मी पेटी पलंगावर आडवी घातली आणि पहिल्यांदाच नीट आत बघितलं. सात वर्षं हिच्यासमोर बसले, पण हिचं पोट कधी पाहिलं नव्हतं. आणि काय दिसावं? पांढरी खपली. कूलरच्या गवतावर उन्हाळ्याच्या शेवटी धरते ना, तीच. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार. कूलरनं वाऱ्याबरोबर त्याचे बारीक तुषार चार दिवस मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, शिंपले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. इथं बंबानंच घर भिजवलं होतं.

रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या जपून काढल्या. त्यांच्या पितळी कडा काळवंडल्या होत्या. लेकीच्या कंपासपेटीतला खोडरबर घेतला आणि त्या कडा हळूहळू घासल्या, वहीतली चूक खोडावी तशा. आमच्या जुन्या मिक्सिंगवाल्याला असं करताना मी एकदा बघितलं होतं. ब्रशनं खपली झाडली. पट्ट्या परत खाचेत दाबल्या, बटण दाबलं, आणि टुण्ण असा तो ओळखीचा आवाज आला. मी अक्षरशः टाळी वाजवली. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, उठलं."

त्या एका सकाळनं मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे भीती गेली. ज्या गोष्टीचं पोट आपण उघडून, पुसून, परत शिवलं, तिची भीती कसली? दुसरी म्हणजे एक प्रश्न. कार्डाची खाचही पांढरी झाली होती, कोपऱ्यातली दोन टोकं तर खाल्लेली दिसत होती. या खाचेत ते तीन पंख्यांचं कार्ड बसवायचं? शिवाय रॅमच्या खाचा दोनच, दोन्ही भरलेल्या. मेमरी आणखी वाढवायची म्हटली तर ठेवायची कुठे?

मी एक वही केली. कॉम्प्युटर स्वतःच एका खिडकीत दाखवतो, कोणता भाग किती भरला ते. रोज मशीन अडलं की ती खिडकी बघायची आणि लिहायचं. आठ दिवसांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली गेली. मेमरी काठोकाठ, प्रोसेसर काठोकाठ, आणि होतं ते जुनं ग्राफिक्स कार्ड बिचारं आराम करतंय. शंभर माणसांच्या पुरणपोळ्या करायच्या आणि ओटा हातभर, असं चाललेलं आमचं. अशा घरात नवी मोठी परात आणून काय उपयोग, ओटा वाढवायला हवा.

पण माझ्या वहीवर घरात कोण विश्वास ठेवणार? माझा माझ्यावरच पुरता नव्हता. आणि तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आखाजीला लेक माहेरी जाणार, हे आमच्या खान्देशात कुठल्याही लग्नसराईपेक्षा वरचढ आहे. मोठे भाऊसुद्धा त्याला नाही म्हणू शकत नाहीत. माझं माहेर धुळ्याचं. एरंडोल, पारोळा करत एस.टी.नं पोचले तेव्हा गल्लीतल्या निंबाला झोका बांधून झाला होता, आणि माझ्याबरोबरच्या मुली, आता सगळ्या चाळिशीच्या बाया, चपला काढून रांगेत उभ्या. कैऱ्या, आमरस, गाणी. झोका वर गेला की पांझरा नदीकडून येणारा वारा तोंडावर लागायचा, तोही गरमच, पण माहेरचा. तीन झोके घेतले आणि उतरले. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, ओरडली, "अवं, कोठे चालनीस?" मी म्हटलं, "आलेच."

विलासदादांची लॅब त्याच गल्लीच्या टोकाला. हेच ते, ज्यांच्याकडे माझं काम जाणार होतं. माझ्या भावाचे वर्गमित्र, चांगला माणूस. त्यांचं मशीन काचेच्या पेटीत, आत लाल-निळे दिवे. मोठे भाऊ असल्याच दिव्यांवर भाळले होते. पडद्यावर कोणाचा तरी आहेर चालू होता. मी म्हटलं, "दादा, कोणता भाग किती भरतो ती खिडकी उघडता का जरा?"

"ताई, तुम्ही कशाला डोकं शिणवता? आखाजीला आल्या, झोका खेळा," ते म्हणाले. पण उघडली.

मी बघितलं. त्यांची मेमरी आमच्या चौपट, तरी निम्म्याहून जास्त भरलेली. प्रोसेसर घाम गाळतोय. आणि ते दिव्यांचं कार्ड जवळजवळ झोपलेलं. मी म्हटलं, आता पाकळ्या उडवा. पाकळ्या उडाल्या तशी कार्डाची रेघ टुणकन वर गेली. पाकळ्या थांबल्या, रेघ परत खाली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये पाकळ्या किती, तर दोन मिनिटं. बाकी सगळा आहेर.

विलासदादा हसले. "कार्ड गिऱ्हाइकाला दाखवायला, ताई. ओझं उचलतात ते मेमरी आणि प्रोसेसर."

निंबाखाली परत आले तेव्हा मी इतका उंच झोका घेतला की अक्कानं डोळे मिटून घेतले.

जळगावला परतल्यावर मी मोठ्या भाऊंपुढे वही ठेवली. मदरबोर्ड बदलायचा, म्हटलं. त्याच्याबरोबर प्रोसेसर आणि रॅमही येईल, कारण मदरबोर्ड काही एकटा येत नाही, नवरीसारखा पाठराखणी घेऊन येतो. तेवढ्याच पैशांत बसेल. जुनं कार्ड राहू दे.

मोठ्या भाऊंनी पानं उलटली. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता. "दिसणार काय मग गिऱ्हाइकाला? पेटी तीच, कार्ड तेच. खर्च केला हे कळणार कसं?"

"कॅसेट वेळेवर मिळाली की कळेल."

"आणि नाही चाललं तर?"

"तर मी स्वतः हार्ड डिस्क धुळ्याला नेऊन देईन. रडणार नाही."

बोलले आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. आमचे हे भावासमोर कधी बोलत नाहीत. कॅमेऱ्यामागे उभं राहून राहून तशी सवयच लागली आहे. त्या दिवशी मात्र त्यांनी घसा खाकरला. "भाऊ, मशीनवर ती बसते. तिला ठरवू दे." एवढंच. लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, त्यातलं हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य.

लोकांना वाटतं, बोर्ड की कार्ड हा पुस्तकी प्रश्न आहे. आता मला चाळीसगावहून, शिरपूरहून फोन येतात, "ताई, काय टाकू?" मी उलट विचारते, दुपारी तीनला काय भरलेलं दिसतं? बऱ्याच जणांनी ते बघितलेलंच नसतं. जुन्या गोष्टीत मोडलेलं कोणतं, थकलेलं कोणतं आणि कोणाच्या माथी उगाच दोष आलाय, हे रोज तिच्यासमोर बसणाऱ्यालाच कळतं. हे मी त्या उन्हाळ्यात शिकले, आणि ते मला इतकं आवडलं की मी ते घरातही वापरते. सासूबाईंच्या पथ्यापासून लेकीच्या गणितापर्यंत.

बोर्ड बसवायला पारसशेठ स्वतः आले होते. जुना उचलून त्यावरचा क्षार बघितला आणि म्हणाले, "कूलर?" मी मान खाली घातली. "ताई, उन्हाळ्यात माझा अर्धा धंदा त्या कूलरवर चालतो," असं म्हणून ते पोट धरून हसले. मग वही चाळली. हसायचे थांबले. "बरोबर आहे तुमचं. हे मी भाऊंना सांगायला हवं होतं."

खरी परीक्षा चार दिवसांनी होती. चाळीसगावकडच्या एका खेड्यातले आबा, नवरीचे वडील, कॅसेट पक्की होण्याआधी चेहरे तपासायला येणार होते. आमच्याकडे ही रीतच आहे. घरचा मोठा माणूस मिक्सिंगवाल्याशेजारी बसतो आणि आहेर पुढे-मागे करून बघतो. सीझनच्या सुरुवातीला असंच एक गिऱ्हाईक बसलं असताना मशीन थिजलं होतं आणि ते उठून गेलं होतं. या वेळी मोठे भाऊ मुद्दाम मागच्या खुर्चीवर येऊन बसले. बाहेर भर दुपार, रस्ता ओस. आबांनी टोपी मांडीवर ठेवली.

"चालाड, बेटा."

चालवलं. हळद गेली, वरात गेली. आहेर सुरू झाला.

"थांब. मांगे ले. मनी बहीन कोठे शे?"

मागे घेतलं. एका झटक्यात. बहीण साडी घेऊन हसत उभी.

"पुढे ले. आते मना साडू."

साडू. मेव्हणा. साडूंचे व्याही. पुढे, मागे, परत पुढे. पावणेतीन वाजले. तीन वाजले. माझ्या तळहाताला घाम, पण पंखा शांत. सव्वातीनला आबांनी लग्नाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदम उडी मारायला लावली, आणि पडद्यानं डोळ्यांची उघडझाप करावी इतक्या सहज उडी मारली. शेवटी पाठवणी. आबांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"बठ्ठा दिखी ऱ्हायनात," मग म्हणाले. "एक बी सुटना नही. कोनं काम शे हाई?"

हा प्रश्न गिऱ्हाईक नेहमी विचारतं आणि त्याचं ठरलेलं उत्तर आहे, "आमच्या स्टुडिओचं." मी तेच ऐकायच्या तयारीत होते.

मागून मोठे भाऊ म्हणाले, "आमच्या संगीतानं करेल शे."

आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर नीट घातली आणि मला हात जोडले. वडिलांच्या वयाचा माणूस! मी गडबडून उठले, हेडफोन गळ्यातच, वायर ताणून टेबलावरचा पेला पडला, आणि रडू आवरेना म्हणून पाणी पुसत बसले. पुष्कळ पुसलं. त्यानंतर जेवढी लग्नं आली, त्यांच्या आहेराच्या रांगा मी आनंदानं जोडल्या. गच्चीवरच्या बिबड्या वाळल्या, डब्यात गेल्या, आंबे संपत आले, आणि मशीन एकदाही अडलं नाही.

सीझनच्या अगदी शेवटी, एका सकाळी, मी खुर्चीवर होते. दारात मोठे भाऊ येऊन उभे राहिले, हातात फोन.

"संगीता, विलासचा फोन आहे धुळ्याहून. त्याच्याकडे काम तुंबलंय. तीन लग्नांची हार्ड डिस्क एस.टी.नं पाठवतो म्हणतो, मिक्सिंगला." मग म्हणाले, "तुला जमेल का?"

या घरात आल्यापासून मोठ्या भाऊंनी मला शेकडो कामं सांगितली होती. विचारलं हे पहिलंच. आणि आमच्या घरात विचारलेल्याला लगेच उत्तर न देता "बघू" म्हणण्याचा मान फक्त मोठ्या माणसांचा असतो.

"बघते," मी म्हटलं.

"बरं, बघून सांग," ते म्हणाले आणि फोन छातीशी धरून बाहेर जाऊन बसले.

उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. तरी मी त्यांना दुपारच्या चहापर्यंत थांबवलं.